कोरेगाव ते महाड : 1927 या वर्षातील नेतृत्वाचा पाठ

लोकांचे नेतृत्व करणे म्हणजे लोकांना चेतवणे, अशी एक समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात खोलवर रुजलेली आहे. ज्याच्या शब्दासरशी सभा उसळते त्याला आपण मोठा पुढारी म्हणतो. चेतवण्याचे सामर्थ्य लहान नाही. शतकानुशतके मान खाली घालून चाललेल्या समाजाला तर त्याची गरजच असते. परंतु उसळलेल्या समुदायाला त्याच्या रागाच्या ऐन क्षणी थांबवता येणे, आणि थांबवूनही त्याचे मन न मोडणे, हे काम त्याहून कितीतरी अवघड आहे. त्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी अंगी असाव्या लागतात : स्वतःच्या चित्तावर ताबा आणि दुसऱ्याच्या चित्ताची अचूक ओळख. यांपैकी एकच असून भागत नाही. केवळ स्वतःला जिंकलेला मनुष्य सज्जन म्हणून ओळखला जाईल, पण लोक त्याच्यामागे येतीलच असे नाही. केवळ लोकांची नाडी ओळखणारा मनुष्य लोकांना कोठेही नेऊ शकतो, खड्ड्यातसुद्धा.

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या भीमाकाठावरूनच त्या वर्षाची सुरुवात झाली होती.

1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला आले. नदीच्या पलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत उभ्या असलेल्या स्तंभाला त्यांनी मानवंदना दिली आणि जमलेल्या बांधवांशी ते बोलले. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत, आणि त्यांतील बावीस नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा महारांच्या नावांचा ओळखीचा प्रत्यय आहे, हे आपल्या शाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. आपण सहसा स्तंभाचे स्मरण शौर्याच्या अंगाने करतो. ते योग्यच आहे. मात्र 1927 साली त्या स्तंभापुढे उभ्या असलेल्या माणसांच्या मनात शौर्याच्या अभिमानाइतकाच एक सल होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बंदूक चालवली, त्यांनाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीची दारे बंद झाली. पहिल्या महायुद्धात ती थोडी किलकिली झाली आणि युद्ध संपताच पुन्हा मिटली. गावात परतलेल्या शिपायाला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी घेता येत नव्हते. पराक्रमाची आठवण आणि रोजचा अपमान एकाच छातीत राहू लागले की जो संताप निर्माण होतो तो साधा नसतो. बाबासाहेब स्वतः सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र; लष्करी छावणीत जन्मलेले. हा संताप त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

त्यानंतर अडीच महिन्यांनी महाड घडले.

मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी 1923 साली ठराव मांडला होता, की सरकारी खर्चाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण कागदावर खुल्या झालेल्या तळ्याला हात लावण्यास कोणी धजावले नव्हते. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी गावोगाव हिंडून तिची तयारी केली होती. परिषदेत अनंत विनायक चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. हजारो माणसे रांगा धरून शांतपणे बाजारपेठेतून निघाली. बाबासाहेबांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी प्यायले. मागोमाग लोक प्यायले. मग सारे जसे गेले तसेच शिस्तीने मंडपाकडे परतले.

थोड्याच वेळात गावात एक अफवा सुटली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसा कोणाचा बेत नव्हता. अफवेला बेताची गरज नसते. तिला फक्त आधीपासून भ्यालेले मन लागते. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. कोणी जेवत होते, कोणी गावी परतण्यासाठी बोचकी बांधत होते. बायकामुलांनाही मार बसला. रस्त्यात एकटेदुकटे सापडलेले लोक झोडपले गेले. काही मुसलमान कुटुंबांनी जिवावर उदार होऊन त्यांना घरात आसरा दिला.

बाबासाहेब त्या वेळी डाकबंगल्यात उतरले होते. बातमी घेऊन पोलीस अधिकारी आले, तेव्हा तुम्ही इतरांना आवरा, माझ्या लोकांना मी आवरतो, अशा अर्थाचे उत्तर देऊन ते दोन-तीन सहकाऱ्यांसह तडक निघाल्याचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. बंगल्याजवळ आपली माणसे जमली होती. त्यांत लष्करात नोकरी केलेले, हत्यार हाताळलेले गडी होते. डोळे लाल झाले होते. आज्ञेची वाट पाहत होते. एका होकारावर महाडची बाजारपेठ रक्ताने भरली असती, यात अतिशयोक्ती नाही. होकार आला नाही. शांत राहण्याची आणि शिस्त न मोडण्याची आज्ञा आली. आणि ती पाळली गेली.

हा प्रसंग वर्गात सांगितला की आठवी-नववीची मुले एक प्रश्न हमखास विचारतात : “सर, त्यांनी मार का खाऊ दिला? आपली माणसे कमी होती का?” हा प्रश्न दडपून टाकण्यासारखा नाही. त्यात स्वाभिमान आहे, आणि स्वाभिमानाला उपदेशाने गप्प करणे म्हणजे त्याचा अपमान करणेच होय. म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावे लागते.

पहिली गोष्ट हिशेबाची. महाडात त्या दिवशी आपली माणसे हजारोंनी होती हे खरे. पण संध्याकाळी ती आपापल्या गावी परतणार होती, आणि गावात गावकुसाबाहेर त्यांची दोन-चार घरे होती. महाडात मारलेल्या प्रत्येक काठीची परतफेड त्या एकाकी घरांकडून वसूल झाली असती. खरोखरच, प्रतिकार न करताही परिषदेहून परतणाऱ्या अनेकांना वाटेतल्या गावांत त्रास झाला. मग प्रतिकारानंतर काय झाले असते, याची कल्पना करावी. दुसरी गोष्ट कायद्याची. दोन्ही बाजूंनी काठ्या चालल्या असत्या तर सरकारदरबारी त्याची नोंद ‘दंगल’ अशी झाली असती, आणि दंगलीत सगळेच आरोपी असतात. काठी एकाच बाजूने चालली, म्हणून न्यायालयापुढे हल्लेखोर कोण आणि हल्ला सोसणारे कोण याविषयी संशय राहिला नाही. जून 1927 मध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. अस्पृश्यांना मारहाण केल्याबद्दल स्पृश्यांना शिक्षा होते, ही गोष्ट कोकणातल्या खेड्यापाड्यांत किती मोठी ठरली असेल!

हा हिशेब आज शंभर वर्षांच्या अंतरावरून मांडणे सोपे आहे. तो त्या बंगल्याच्या दारात, जखमी माणसे समोर येत असताना, काही क्षणांत मांडायचा होता. ज्याचे स्वतःचे डोके त्या क्षणी तापले असेल त्याला तो मांडता येत नाही. शिवाय मांडलेला हिशेब संतापलेल्या माणसाला समजावून सांगताही येत नाही. क्रोधाच्या भरात कान युक्तिवाद ऐकत नाहीत. ते फक्त एक गोष्ट पाहतात : आज्ञा देणारा आपल्याबरोबर आहे की सुरक्षित जागी बसून बोलतो आहे? बाबासाहेब स्वतः उठून हल्ल्याच्या दिशेने चालत गेले, हे त्यांच्या आज्ञेचे बळ होते. धीर धरण्याचा सल्ला देण्याचा अधिकार ज्याने धोका पत्करला त्यालाच मिळतो, हे त्यांनी ओळखले होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आत्मसंयम म्हणजे राग न येणे, असे काही जण मानतात. बाबासाहेबांच्या बाबतीत हे अजिबात खरे नाही. परदेशी शिक्षण घेऊन 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला पारशी खाणावळीतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले होते आणि त्या शहरात त्यांना राहायला छप्पर मिळाले नव्हते. असा अपमान माणूस विसरत नाही, आणि बाबासाहेबही तो विसरले नाहीत; पुढे त्यांनी तो स्वतःच लिहून ठेवला. त्यांचा राग त्यांच्याजवळ होताच. फक्त त्या रागाचा लगाम त्यांच्या हाती होता. धम्मपदाने क्रोधाला स्वतंत्र वर्ग दिला आहे आणि तेथे सारथ्याची उपमा योजली आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सारथ्याला घोडे मारायचे नसतात. घोडे मेले तर रथ जागचा हलणार नाही.

महाडच्या हल्ल्यानंतर सनातन्यांनी एकशे आठ घागरी पंचगव्य तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले. हा दुसरा घाव पहिल्याहून खोल होता, कारण काठीचा वळ बुजतो. या वेळी लगाम कोठे वळवला गेला? 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्याचे बहुतेक लेखन बाबासाहेब एकहाती करीत. मार्चमध्ये जी काठी उचलली गेली नाही, ती एप्रिलमध्ये लेखणी होऊन आली, असे म्हणावेसे वाटते.

अफवेचा उल्लेख वर आला, म्हणून आपल्या गावाविषयी दोन शब्द. 1 जानेवारी 2018 रोजी आपल्या परिसरात जे घडले त्याची जखम येथील प्रत्येक घराला आहे, मग ते घर कोणत्याही समाजाचे असो. त्या घटनेचा न्यायनिवाडा करणे या लेखाचे काम नाही. पण 1927 सालची अफवा तोंडातोंडी पसरली, तिला काही वेळ तरी लागला. आजची अफवा खिशातल्या मोबाइलवर क्षणात येते आणि सोबत चित्रफीतही आणते, जी कधी दुसऱ्याच गावाची, दुसऱ्याच वर्षाची असते. पुढच्याच वर्षी, 1 जानेवारी 2019 रोजी, लाखो लोक स्तंभाला वंदन करून शांतपणे परतले. त्याचे श्रेय बंदोबस्ताला आहेच. परंतु स्वयंसेवक होऊन रस्त्यावर उभे राहिलेल्या तरुणांना, पाणी वाटणाऱ्या गावकऱ्यांना आणि खात्री नसलेला संदेश पुढे न पाठवणाऱ्या शेकडो अनाम बोटांनाही ते आहे. या शेवटच्यांची नावे कोणत्याही फलकावर लागत नाहीत.

आता डिसेंबरकडे वळू. मार्चचा प्रसंग अधिक प्रसिद्ध असला, तरी नेतृत्वाचा अभ्यास करणाऱ्याने डिसेंबरपाशी अधिक रेंगाळावे असे माझे मत आहे. मार्चमध्ये संयम राखायचा होता तो हल्लेखोरांपुढे. डिसेंबरमध्ये तो राखायचा होता स्वतःच्याच विजयोत्सुक अनुयायांपुढे.

ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला जुना ठराव रद्द केला. उत्तर म्हणून 25 डिसेंबरपासून महाडला सत्याग्रह परिषद भरवण्याचे ठरले. या तयारीच्या काळात पुण्याचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी पाठिंबा देऊ केला. मात्र एकही ब्राह्मण चळवळीत नसावा, अशी त्यांची अट होती. पाठिंब्याची गरज कोणाला नव्हती? तरीही बाबासाहेबांनी अट नाकारली. आपले भांडण ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसांशी नाही, ही त्यांची भूमिका होती. दुखावलेल्या समाजाला एखादी जात सरसकट शत्रू म्हणून दाखवून देणे फार सोपे असते, आणि त्याने गर्दीही लवकर जमते. मनुष्यस्वभावाचे ज्ञान असूनही त्याचा असा उपयोग न करणे, येथेच जाणता नेता आणि चतुर पुढारी यांच्या वाटा वेगळ्या होतात.

परिषदेला महाडात कोणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने ती दिली. दरम्यान काही सनातन्यांनी तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात लावून 14 डिसेंबर रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. 25 डिसेंबरच्या संध्याकाळी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. त्या कृतीवर पुढे पुष्कळ वाद झाले. लोकांच्या मनातील आगीला त्या संध्याकाळी एक जागा मिळाली आणि ती जागा कोणाचे घर नव्हती, एवढे मला येथे नोंदवावेसे वाटते.

दुसऱ्या दिवशी खरा पेच उभा राहिला. मनाईहुकूम मोडून तळ्यावर जायचे की नाही? वक्त्यामागून वक्ते जायचेच म्हणत होते. तुरुंगात जाण्याची तयारी असलेल्यांची नावे लिहून घेण्यात आली, तेव्हा आकडा चार हजारांच्या जवळ पोहोचला. पोटाला चिमटा घेऊन, भाकरीचे गाठोडे बांधून, कित्येक कोसांवरून आलेली ही माणसे. जिल्हाधिकाऱ्यांनी सभेत येऊन न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची विनंती केली. लोकांना ती पटली नाही. पटण्यासारखे त्यांच्या दृष्टीने काय होते? थांबणेच तर ते पिढ्यान्पिढ्या करीत आले होते.

बाबासाहेबांनी बोलणाऱ्यांना बोलू दिले. आधीच निर्णय जाहीर करून चर्चा आटोपली नाही. रात्री सहकाऱ्यांशी विचारविनिमय झाला आणि 27 डिसेंबरला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव त्यांनी स्वतः मांडला. हा अप्रिय ठराव दुसऱ्या कोणाच्या तोंडून मांडून स्वतः बाजूला राहणे शक्य होते. ते त्यांनी केले नाही. आपली लढाई सनातन्यांशी आहे, आज हुकूम मोडला तर सरकारही समोर उभे राहील आणि एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढण्याचे बळ आपल्यापाशी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शिवाय दावा खोटा आहे, तो न्यायालयात हाणून पाडता येईल, हा बॅरिस्टरचा विश्वासही त्यामागे होता.

ठराव मंजूर झाला. चार हजार माणसे हिरमुसली होऊन घरी गेली असती तर चळवळ तेथेच खचली असती. पण ठराव होताच मिरवणूक काढण्यात आली. फलक घेतलेले लोक चवदार तळ्यापर्यंत गेले, तळ्याच्या काठाने पूर्ण फेरी मारून आले. पाण्याला स्पर्श केला नाही. हुकूम मोडला नाही. परंतु ज्या रस्त्यावर मार्चमध्ये त्यांना झोडपले गेले होते, त्याच रस्त्यावरून ते ताठ मानेने चालले. कृतीसाठी आलेल्या माणसाला केवळ समजूत घालून परत पाठवता येत नाही, त्याच्या पायांनाही काहीतरी द्यावे लागते. माणसाची ही ओळख कोणत्या विद्यापीठात मिळते? त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले आणि अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने सोडून देण्यास सांगितले. हे करायला न्यायालयाची परवानगी लागत नव्हती. अनेकींनी तेथल्या तेथे नेसण बदलली.

पुढे अनेक वर्षांनी लिहिलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरेने चालत आलेली कारणे बाजूला ठेवली. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून तो निघाला, हे त्यांना पटत नव्हते. त्यांनी मांडले, की शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला आणि सिद्धार्थाने आपल्याच संघाच्या बहुमताविरुद्ध उभे राहून युद्ध नाकारले. त्याची किंमत म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. पाण्याचा तंटा, आपल्याच माणसांचा पेटलेला आवेश आणि त्यासमोर एकटा उभा असलेला तरुण. हे प्रकरण लिहिताना महाड त्यांच्या डोळ्यांपुढे असेल, असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण मला ते वाचताना महाड आठवल्यावाचून राहत नाही.

हे सारे थोरामोठ्यांचे, आपल्याला त्याचा काय उपयोग, असे एखादा माजी विद्यार्थी म्हणेल. त्याने आपल्या वसतिगृहातील दिवस आठवावेत. पन्नास मुलांच्या खोल्यांवर नेमलेला मॉनिटर हा पंधरा वर्षांचा नेताच असतो. रात्री दोन खोल्यांत भांडण जुंपते. एका मुलाच्या पेटीतून खाऊ नाहीसा झालेला असतो आणि सगळ्यांचे बोट नव्याने आलेल्या एका गरीब मुलाकडे वळते. त्या क्षणी मॉनिटर ओरडणाऱ्यांच्या बाजूने ओरडला तर तो लोकप्रिय होतो. तो दिवा लावून, सर्वांना खाली बसवून, प्रथम त्या नव्या मुलाशेजारी जाऊन बसला, तर काही दिवस त्याच्याशी कोणी बोलत नाही. आज आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी ग्रामपंचायतीत, पतसंस्थांत, कारखान्यांच्या युनियनमध्ये, बचत गटांत काम करीत आहेत. प्रसंगांची नावे बदलतात. दिवा लावायचा की ओरडायचे, हा प्रश्न तोच राहतो. पालकांनाही एक विनंती करावीशी वाटते. मुलगा घरी येऊन “मी मारामारी सोडवली” म्हणाला, तर “तुला काय करायचे होते मध्ये पडून?” असे त्याला म्हणू नका.

नेत्याला थांबावे कोठे हेही कळावे लागते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला. 1934 साली बाबासाहेबांनीच त्यांना पत्राने कळवले, की मंदिरप्रवेशासाठी आता शक्ती खर्चू नये. शिक्षण आणि राजकारणाकडे ती वळवावी. स्वतः आरंभलेले काम स्वतःच आवरते घेताना अनेकांचा अहंकार आडवा येतो.

महाडच्या पाण्याची गोष्ट मात्र आवरती घेतली गेली नाही. मिरवणूक परतली, मंडप उतरला, लोक गावोगाव पांगले आणि दावा न्यायालयात चालू राहिला. साक्षी झाल्या, जुनी दप्तरे तपासली गेली. 1931 साली महाडच्या दिवाणी न्यायालयाने दावा फेटाळला. सनातनी अपिलात गेले, तेथेही हरले आणि मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. तळे खाजगी असल्याचे सिद्ध होत नाही आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढीही कायद्याने मान्य करता येत नाही, असा अंतिम निकाल न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी दिला. ती तारीख होती 17 मार्च 1937. तळ्यावर पहिली ओंजळ भरली गेली, त्या दिवसाला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते.